टेलरमास्तरांचा शेवटचा कोट

१

मास्तर गेल्यानंतर सोळाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी टेलरकाकूंनी दुकानाचं कुलूप काढलं आणि दहाच मिनिटांत त्या माझ्या दवाखान्यात हजर झाल्या. एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्यात मास्तरांची.

"सिस्टर, दुकानातला कोट गेला."

मला आधी वाटलं, यांचा रक्तदाब वाढलाय. मी त्या गावात नऊ वर्षं नर्स होते. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, बाकीचे सहा दिवस गावाचे ताप, बाळंतपणं आणि रुसवेफुगवे माझ्याच टेबलावर यायचे. चोरी मात्र पहिल्यांदाच आली होती.

मी त्यांच्याबरोबर गेले. दोन पायऱ्या चढून एक लांबट खोली, खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल. मागे एक पडदा. पडद्याआड काकूंची खुर्ची होती. तीस वर्षं मास्तर पडद्याच्या अलीकडे बसून शिवायचे आणि काकू पलीकडे बसून काजं, बटणं आणि हातशिलाई करायच्या. भिंतीवरच्या खिळ्यांना कपड्यांच्या बेताचे, म्हणजे नमुन्याचे, कापलेले खाकी कागद लटकत होते. प्रत्येकावर मास्तरांच्या जाड पेन्सिलीनं नाव: पोस्टमन, दूधवाला, मोठे गुरुजी.

"काय काय गेलंय?"

"फक्त कोट. राखाडी लोकरीचा. बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. मी विचारलंही होतं, कुणाचा हो? तर म्हणाले, आहे एका गिऱ्हाइकाचा." काकूंनी टेबलावरून हात फिरवला. "सिस्टर, यांच्या हातून आजवर कुणाचं एक चिंधीएवढं कापड हरवलं नाही. हे शेवटचं काम. ते ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे. नाहीतर मला घास जायचा नाही."

घास तसाही जात नव्हता, ते मला दिसत होतं. मास्तरांचा जुना स्वेटर त्यांनी अंगात घातला होता आणि बाह्या तीनदा दुमडल्या होत्या.

"कुणाचा कोट होता, ते मापांच्या वहीत असेल ना?"

काकूंनी वही माझ्यापुढे उघडली. शेवटचं लिहिलेलं पान होतं पोस्टमनच्या पँटचं. त्यानंतरचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. पट्टी धरून, अगदी सरळ.

२

दुपारपर्यंत गावानं चोर ठरवूनही टाकला होता.

"वाफ्याच," किराणावाल्या मावशी मला साखर मोजून देता देता म्हणाल्या. "किल्ली दोन दिवस कुणाकडे होती? त्याच्याकडेच."

ते खरं होतं. वाफ्या म्हणजे आमचा इस्त्रीवाला. इस्त्री तापली की ओल्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेत त्याचं तोंड दिसेनासं व्हायचं, म्हणून हे नाव. वय चाळिशीचं. उमेदीच्या वयात तो मास्तरांकडेच शिकायला होता, पण बारा वर्षांपूर्वी त्यानं एका कोटाची अख्खी पाठ जाळली आणि मास्तरांनी त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं. तो उतरला तो तिथंच थांबला. दुकानाच्या छपराखाली त्यानं इस्त्रीचं टेबल मांडलं. तेव्हापासून दोघांत दहा फुटांचं अंतर होतं, आणि बोलणं बंद. मास्तरांना काही सांगायचं असलं की ते छताकडे बघून म्हणायचे, "कुणीतरी या पँटची घडी नीट घालावी." आणि कुणीतरी ती घालायचा.

मास्तरांना छातीत कळ आली त्या दुपारी वाफ्यानंच त्यांना पाठीवर घेऊन माझ्या दारात आणलं होतं. मी जमेल ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. नंतर दुकानाला कुलूप लावायला तोच गेला आणि दोन दिवसांनी काकूंना किल्ली दिली ती त्यानंच.

मंगळवारी संध्याकाळच्या आत त्याच्या टेबलावरचे कपडे लोक न बोलता उचलून घेऊन गेले होते. बुधवारी सकाळी तो माझ्याकडे आला. डाव्या हाताचं पहिलं बोट सुजून लाल झालं होतं.

"टोचलं जरा," तो म्हणाला.

मी पू काढला, पट्टी बांधली. शेजारच्या बोटावरही बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या.

"वाफ्याभाऊ, कोट तुम्ही घेतला का?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "सिस्टर, मी चोरी केली नाही. पुढचं विचारू नका."

"लोक काय बोलतायत माहीत आहे ना?"

"माहीत आहे. शनिवारच्या अकराच्या गाडीनं जातोय मी. बहिणीकडे. इस्त्रीला काय, कुठंही उभं राहता येतं."

निर्दोष माणूस पळून का जाईल? आणि चोर असेल, तर शनिवारपर्यंत का थांबेल?

३

काकूंना तोपर्यंत मशीनखालच्या चिंध्यांत एक खाकी कागद सापडला होता. हरवलेल्या कोटाचाच बेत. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग. त्यावर नाव नव्हतं.

"बिननावाचा कागद त्यांनी कधी ठेवला नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि वाचायला लागल्या, मी रक्ताचा रिपोर्ट वाचते तसा. "साधा, सरळ कोट. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला. पाठीला थोडा बाक. म्हणजे पोक्त माणूस, कामानं वाकलेला. पण कंबर बघा! ही कंबर तर विशीतल्या पोराची." मग त्यांचं बोट पुढच्या उजव्या भागावर थांबलं. "आणि काजांच्या खुणा भलत्याच बाजूला केल्यात. डोळ्यांनी दगाच दिला होता हो त्यांना."

ते मला माहीत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी वर्षभर मागे लागले होते, शहरात जाऊन काढून घ्या म्हणून. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "एक काम हातात आहे. ते झालं की जातो."

मी कागदाची गुंडाळी केली आणि उतरलेल्या उजव्या खांद्यांच्या शोधात निघाले. गावात असे खांदे दोन होते.

पोस्टमन टपालाच्या खोलीत शिक्के मारत बसला होता. वीस वर्षं उजव्या खांद्यावर थैली. मी त्याला उभा केला आणि कागद पाठीला लावला. कागद दोन्ही बाजूंनी चार बोटं अपुरा पडला.

"माझा नाही तो," पोस्टमन म्हणाला. मग दार लोटून घेत हळूच म्हणाला, "मास्तरांनी माझ्या पँटला आतून एक खिसा दिलाय, तो बघा. वर चेन. मला हल्ली आठवत नाही हो काही. दोन पत्रं हरवली होती माझ्याकडून. मास्तर म्हणाले, महत्त्वाचं ते यात ठेव, आणि बायकोनं विचारलं तर सांग फॅशन आहे." त्यानं डोळे पुसले. "साहेबांना सांगू नका."

"सांगत नाही. पण गुरुवारी डॉक्टरांना दाखवायला या."

दूधवाला गोठ्यात धार काढत होता. त्याचाही उजवा खांदा कॅन उचलून उतरलेला, कंबरही सडपातळ. हाच असणार, असं म्हणत मी कागद लावला. पण त्याची उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त. कागदाची खालची कड त्याच्या कमरेच्या जेमतेम खाली आली.

"माझ्याकडे कोट आहे की," तो म्हणाला. "धाकट्याचा."

त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी नदीत गेला होता.

"आईनं सांगितलं होतं, त्याचे कपडे देऊन टाक. मला तो कोट देववेना. मास्तरांनी उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर फिरवून, माझ्या अंगाचा केला. आतलं अस्तर बदललं. आई रोज त्या कोटावरून हात फिरवते आणि म्हणते, छान आहे रे नवा." त्यानं बादलीकडे बघत विचारलं, "तिला कळलं असेल का हो?"

मी कागदाची गुंडाळी केली.

संध्याकाळी मी कागद माझ्या टेबलावर पसरून बसले. म्हातारे खांदे, तरुण कंबर आणि बेताची उंची. गावात तीनशे माणसं आणि नऊ वर्षांत मी प्रत्येकाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावलेला. असा माणूस गावात नव्हताच.

४

शुक्रवारी किराणावाल्या मावशी रक्तदाब तपासायला आल्या. थंडी कडाक्याची होती, म्हणून अंगात लेकीनं शहरातून पाठवलेला तांबडा कोट. मावशींचे हात गारठले होते, बटणं निघेनात.

"थांबा, मी काढते," मी म्हटलं.

नर्सचा पांढरा कोट मी रोज दोनदा काढते-घालते. तो सरकारी. सगळ्यांना एकाच मापाचा, पुरुषांचाच शिवलेला. बोटांना सवय झालेली. मी मावशींच्या मागून हात घालून बटणं काढायला गेले आणि माझी बोटं अडखळली. बटण जिथं असायला हवं तिथं काज होतं आणि काजाच्या जागी बटण.

"मावशी, हा कोट उलटा शिवलाय का?"

"उलटा कसला! बायकांचा कोट आहे तो. पुरुषांची काजं डावीकडे, बायकांची उजवीकडे. इतकी वर्षं सुया टोचताय आणि एवढं माहीत नाही?"

कोट उतरवून मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि पंप हातात धरून तशीच उभी राहिले.

मास्तरांच्या डोळ्यांना दिसत नसेल. पण तीस वर्षांचा हात बाजू विसरत नाही. त्यांनी काजांच्या खुणा चुकून उजवीकडे केल्या नव्हत्या. आम्ही सगळे एका पुरुषाला शोधत होतो, कारण मास्तर पुरुषांचेच कपडे शिवायचे. दुकानाच्या पाटीवरच तसं लिहिलं होतं.

"अहो सिस्टर, माझा हात सोडा की," मावशी म्हणाल्या. "मुंग्या आल्या."

"मावशी, एक सांगा. मास्तरांनी कधी कुठल्या बाईचं काही शिवलं होतं?"

"छे! काकू तर कायम कुरकुर करायच्या. म्हणायच्या, अख्ख्या गावाच्या अंगाला यांची टेप लागली, माझ्याच तेवढी नाही."

५

मी तडक दुकानात गेले. काकू पडद्यामागे खुर्चीवर बसल्या होत्या. काहीच करत नव्हत्या.

"जरा पाठ बघू," मी म्हटलं. "खोकला ऐकला काल तुमचा."

त्या उठून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी खांद्यांवर हात ठेवले. तीस वर्षं सुई ओढून ओढून उजवा खांदा बोटभर उतरलेला. वाकून वाकून पाठीला बाक. कागद माझ्या पिशवीत होता. पण तो लावायची गरजच नव्हती.

फक्त कंबर जुळत नव्हती. कागदावरच्या कमरेपेक्षा काकूंची कंबर चांगली ऐसपैस होती. माझा तर्क तिथंच लंगडत होता. तरी मला आता त्याची फिकीर नव्हती, कारण दुसरी गोष्ट लख्ख दिसत होती. इस्त्रीवाल्याच्या हाताला भाजतं. टोचत नाही. डाव्या हाताच्या बोटांना टोचतं ते शिवणाऱ्याच्या.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी वाफ्याच्या खोलीचं दार वाजवलं. एक पेटी बांधून तयार होती. खाटेवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा होता.

"तो कोट काकूंचाच आहे," मी दारातूनच म्हटलं. "आणि तुम्ही तो पुरा करताय."

वाफ्यानं खाटेवरचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला.

"दोन महिने झाले," तो हळूहळू सांगू लागला. "एक दिवस दुपारी काकू घरी गेल्या होत्या. मास्तर छताकडे बघून म्हणाले, कुणाला तरी सुईत दोरा ओवता येईल का? मी आत गेलो. त्यांना काहीच दिसत नव्हतं हो, सिस्टर. मग रोज दुपारी जायला लागलो. ते चाचपून कापायचे, शिवायचे. जिथं अडेल तिथं मी बघायचो. बारा वर्षांत बोललो नाही तेवढं दोन महिन्यांत बोललो."

"आणि त्या दिवशी?"

"पाठीवर घेतलं तेव्हा कानात म्हणाले, कोट ने. तिला अर्धा कोट दाखवू नकोस. पुरा करून दे." त्यानं गठ्ठ्यावरचा कागद सारखा केला. "पान त्यांनीच आधी फाडून दिलं होतं मला, माप बघायला. मी पुरा करायलाच बसलो होतो. एक बाही बरी बसली. दुसरी चार वेळा उसवली, चारही वेळा चुण्या पडल्या. हाताला सवयच राहिली नाही. आता तो दाखवू तरी कसा? पुन्हा एक कोट बिघडवला म्हणतील. पोस्टानं पाठवून द्यायचा ठरवलं होतं, तिकडून."

"चोर म्हणवून घ्यायला तयार आणि चुण्या दाखवायला नाही?"

"मी चोर नाही, हे माझं मला माहीत आहे, सिस्टर. पण बाही बिघडली, हेही माहीत आहे."

त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं पान काढून माझ्या हातात दिलं. इतर पानांवर वर जिथं गिऱ्हाइकाचं नाव असायचं, तिथं मोठी, वाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली अक्षरं होती. नाव नव्हतंच. एकच शब्द होता.

"ही."

६

काकूंनी ते पान दोन्ही हातांनी धरलं. वाफ्या पायरीवरच उभा होता, वर यायला तयार नव्हता. मी त्याला दंडाला धरून आत आणलं.

"माझी मापं?" काकू म्हणाल्या. "मापं कधी घेतली माझी?"

"घेतली नाहीत," वाफ्या म्हणाला. "त्यांना पाठ होती. डोळे मिटून हवेत हात धरायचे. एवढी पाठ, एवढा खांदा. मी टेप लावायचो त्यांच्या हातांना."

काकूंनी पान घडी करून वहीत ठेवलं. मग त्यांनी स्वेटर काढला आणि कोट अंगात घातला. पाठ बसली, खांदे बसले. उजवा खांदा इतका बरोबर बसला की तो उतरलेला आहे हेच दिसेना. डावी बाही सरळ आली. उजव्या बाहीला खांद्याशी चुण्या होत्या. वाफ्यानं मान खाली घातली.

काकूंनी वरची दोन बटणं लावली. तिसरं लागेना. त्यांनी पोट आत ओढलं, तरी लागेना.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "ही कंबर तर लग्नातली माझी."

"मी म्हणालो होतो त्यांना," वाफ्या चाचरत म्हणाला. "म्हटलं, मास्तर, काकूंची कंबर एवढी... म्हणजे आता... तर म्हणाले, मला काय ठाऊक नाही? आंधळा डोळ्यांनी झालोय. वहीत मात्र हीच लिहायची. आणि शिवणीत हवी तेवढी माया सोड."

काकूंनी कोटाचं अस्तर उलटलं. कमरेच्या दोन्ही शिवणींच्या आत तीन-तीन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, कुठल्याही शिंप्यानं ठेवलं नसतं एवढं. त्या आधी हसल्या. खुदकन, तरुण बाईसारख्या. मग टेबलाला टेकून रडल्या. मास्तर गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. वाफ्यानं दाराकडे पाहिलं.

"कुठं निघालास?" काकूंनी नाक पुसत विचारलं.

"गाडी आली, काकू."

"आली तर जाईल. गावातल्या लोकांशी मी बोलते, किराणावालीपासून सुरुवात करते." त्यांनी कोट उतरवून टेबलावर ठेवला, कात्रीचं टोक उजव्या बाहीच्या शिवणीत घातलं आणि वाफ्याचे टाके एकेक करून तोडायला लागल्या. "बाही अशी ओढून लावतात होय रे? आधी धावदोरा घालायचा. बाहीचा वरचा फुगीर गोळा सगळा खांद्यावर सारखा वाटून घ्यायचा. मग मशीन."

"मास्तरांनी तसंच सांगितलं होतं, पण—"

"मास्तरांना बाही लावता यायची नाही कधी. तीस वर्षं या गावातल्या सगळ्या बाह्या मी पडद्यामागे बसून टाचल्यात." त्यांनी मान वर केली. "आणि ओढ तो पडदा बाजूला. उजेड येऊ दे."

वाफ्यानं पडदा ओढला. त्याच्या कड्या इतक्या गंजल्या होत्या की तो अर्ध्यावर अडला. मग त्यानं तो सरळ खाली उतरवून घडी घातली. रस्त्यावरून गाडी निघून गेली. काकूंनी सुई त्याच्यापुढे धरली आणि त्यानं बोटावरची पट्टी सांभाळत तिच्यात दोरा ओवायला घेतला.